बॉयलरचा धूर कमी करायचा तर सुरुवात भट्टीच्या दारापासून

फायरमन जिथे उभा राहून कोळसा मारतो तिथून त्याला धुराडं दिसत नाही. शेडचं पत्र्याचं छप्पर मध्ये येतं. धूर दिसतो पलीकडच्या गल्लीत गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईला, आणि मग कधीतरी प्रदूषण मंडळाच्या अधिकाऱ्याला. ज्याच्या हातात फावडं आहे त्याला आपण काय केल्यावर किती धूर निघाला हे कळायला मार्गच नसतो. इचलकरंजीतल्या प्रोसेस हाउस (कापड धुऊन रंगवणारे कारखाने) आणि सायझिंगमधून (सुताला खळ लावणारे कारखाने) फिरताना ही साधी गोष्ट ध्यानात यायला मला बरीच वर्षं लागली. तोवर मीही मालकांना एकच सल्ला द्यायचो, ‘सायक्लोन बदला.’ सायक्लोन म्हणजे धूर गरगर फिरवून त्यातली राख खाली पाडणारं यंत्र.

काळा धूर म्हणजे पैसे मोजून घेतलेला आणि न जळता वर गेलेला कोळसा. तो भट्टीत जाळायचा सोडून धुराड्याच्या तोंडाशी पकडायला गेलात, तर यंत्रावर खर्च होतो आणि कोळशाचं बिल होतं तिथेच राहतं. म्हणून खाली दिलेला क्रम शक्यतो मोडू नका. आधी आग सुधारायची, फिल्टरचं कोटेशन नंतर मागवायचं. हे सगळं तासाला 1 ते 10 टन वाफ देणाऱ्या बॉयलरसाठी आहे. वीजकेंद्राच्या बॉयलरची गोष्ट वेगळी.

पायरी 1: तीन दिवस फक्त बघा

वही घ्या आणि मोकळ्या जागेत, सूर्य पाठीशी ठेवून, धुराडं नीट दिसेल असे उभे राहा. दर पाच मिनिटांनी धुराचा रंग लिहा आणि शेजारी त्या क्षणी भट्टीपाशी काय चाललं होतं तेही लिहा: कोळसा मारला, आग हलवली, राख काढली, वाफेचा दाब पडला, आयडी फॅनचा (भट्टीतला वायू धुराड्याकडे ओढणारा पंखा) डॅम्पर, म्हणजे ओढ कमी-जास्त करणारी झडप, फिरवला. काळेपणा ठरवायला रिंगेलमान तक्ता वापरतात. 1888 साली एका फ्रेंच प्राध्यापकाने बनवलेला हा तक्ता आजही चालतो. पांढरा म्हणजे 0, पूर्ण काळा म्हणजे 5, मधली प्रत्येक पायरी 20 टक्क्यांची. कागदावर छापून घेतला तरी पुरे.

रंगावरून पुष्कळ कळतं. दाट काळा धूर म्हणजे हवा कमी पडली किंवा एकाच वेळी कोळसा जास्त पडला. पिवळट-तपकिरी धूर म्हणजे कोळशातून सुटलेला वायू पेट घ्यायच्या आतच भट्टीबाहेर निघून गेला, भट्टी थंड आहे. राखाडी धूर सतत निघत असेल तर राख उडते आहे, मग हवेचा जोर जास्त असेल किंवा कोळशात चुरा जास्त असेल. धुराड्यापासून थोड्या अंतरावर पांढरं काही विरून जात असेल तर ती बहुधा नुसती वाफ आहे, तिची धास्ती नको.

तीन दिवसांची वही वाचली की बहुतेक ठिकाणी एकच चित्र दिसतं. धूर दिवसभर नसतो. तो ठराविक वेळी, पाच-सात मिनिटांचे झटके देत येतो आणि प्रत्येक झटक्याशेजारी कारण लिहिलेलं असतं.

त्याच आठवड्यात एक काम करा. शेडच्या कडेला खांबावर, घाटाच्या वळणावर असतो तसा मोठा बहिर्गोल आरसा बसवा. तो फायरमनच्या जागेवरून धुराडं दिसेल असा फिरवा. आरसा जमत नसेल तर साधा सीसीटीव्ही कॅमेरा आणि भट्टीजवळ एक जुना टीव्ही. या सगळ्या लेखात इतक्या कमी पैशांत इतका फरक पाडणारी दुसरी गोष्ट नाही.

पायरी 2: कोळसा ओळखा

आपल्याकडे येणारा कोळसा ढोबळमानाने दोन जातींचा. चंद्रपूर-वणी पट्ट्यातल्यासारख्या देशी कोळशात राख 30 ते 40 टक्के, त्यामुळे क्लिंकर (राख वितळून झालेले गट्टे) आणि उडती राख जास्त. इंडोनेशियाच्या कोळशात राख कमी, पण ओलावा जास्त आणि व्होलाटाइल, म्हणजे तापल्यावर वायू होऊन सुटणारा भाग, पुष्कळ. काळ्या धुराचा कच्चा माल हा वायूच. म्हणून ‘इंपोर्टेड कोळसा आणला तरी धूर कसा?’ असं विचारणाऱ्या मालकाला उत्तर एवढंच की राख कमी झाली, वायू वाढला, आणि कोळसा मारायची पद्धत तीच राहिली.

आकार बघा. हाताने कोळसा मारायच्या भट्टीत एफडी फॅन (भट्टीत हवा ढकलणारा पंखा) असेल तर 25 ते 40 मिलिमीटरचे खडे हवेत, नैसर्गिक ओढीवर चालणाऱ्या भट्टीत 75 पर्यंत चालतात. चेन ग्रेटला (साखळीसारख्या सरकत्या जाळीवर कोळसा जाळणारी भट्टी) 15 ते 25, आणि फ्लुइडाइज्ड बेडला (खालून हवा मारून उसळत ठेवलेल्या थरात कोळसा जाळणारी भट्टी) 10 मिलिमीटरच्या आत. नारळाएवढा धोंडा भट्टीत टाकला तर बाहेरून जळतो आणि आतून काळाच राहून राखेत जातो. चुरा टाकला तर तो पेटायच्या आधीच धुराड्यातून उडतो.

चुरा जास्त असेल तर कोळशावर आदल्या संध्याकाळी हलकं पाणी मारा. ‘पाणी मारल्यावर जळणार कसा?’ हा प्रश्न हमखास येतो. पाण्याने भुकटी खड्यांना चिकटते आणि ग्रेटवरच जळते, हा त्यातला हिशेब. अंदाज मुठीने घ्यायचा: चुरा मुठीत दाबला तर गोळा व्हावा, पण तळहात ओला होऊ नये. पावसाळ्यात मात्र उलट काम, ढिगावर छप्पर हवंच. सप्टेंबरमध्ये चिखल झालेला कोळसा मारून धूर कमी करायच्या गोष्टी कोणी करू नयेत.

चिंधी, प्लॅस्टिक, रबर, रंगाचे रिकामे डबे यांतलं काहीही भट्टीत टाकायचं नाही. ‘थोडीशीच टाकली’ म्हणणाऱ्याचा धूर गावभर ओळखू येतो. त्यातून निघणारे वायू कोळशाच्या धुरापेक्षा घातक असतात आणि प्रदूषण मंडळाच्या संमतिपत्रात अशा जळणाला परवानगी नसते.

पायरी 3: फावडं

इथे वेळ काढा, कारण छोट्या बॉयलरचा सर्वाधिक धूर इथेच तयार होतो.

नेहमीची पद्धत अशी असते. दार सताड उघडायचं, दहा-बारा फावडी एकदम मारायची, दार लावायचं आणि पंधरा-वीस मिनिटं बाहेर बाकड्यावर बसायचं. या पद्धतीत भट्टीत काय होतं ते पाहा. उघड्या दारातून थंड हवा घुसते, निखारे काळवंडतात. वर कोळशाचा थर पडला की तो सगळा एकदम तापून वायू सोडतो. तो जाळायला नेमकी त्याच दोन-तीन मिनिटांत जास्त हवा आणि जास्त उष्णता लागते, पण दार लावलेलं, खालून येणारी हवा नव्या थराने अडलेली आणि निखारे झाकलेले. वायू तसाच धुराड्यात जातो आणि वर काळा लोट निघतो. पंधरा मिनिटांनी उलट स्थिती: कोळसा जळून थर पातळ होतो, हवा फुकट आत शिरते आणि उष्णता घेऊन निघून जाते.

बदल असा करायचा:

थोडं आणि वारंवार. दर चार-पाच मिनिटांनी तीन-चार फावडी. फावडं पूर्ण भरायचं नाही.

एका वेळी भट्टीची एकच बाजू. आता डावीकडे मारलं तर पुढच्या खेपेला उजवीकडे. उघड्या राहिलेल्या बाजूचे लाल निखारे नव्या कोळशातून सुटणारा वायू पेटवतात. दुसरी रीत म्हणजे नवा कोळसा दारालगत ढीग करून ठेवायचा, त्यातला वायू मागच्या लाल आगीवरून जाताना जळू द्यायचा आणि मग तो अर्धवट जळालेला कोळसा सळईने मागे ढकलायचा. व्होलाटाइल जास्त असलेल्या कोळशाला ही दुसरी रीत फार मानवते, पण ती शिकायला आठवडा जातो.

कोळसा मारल्यावर दारातली हवेची झडप एक-दोन मिनिटं उघडी ठेवायची आणि मग बंद करायची. ही वरून येणारी हवा म्हणजे सेकंडरी एअर. बऱ्याच बॉयलरच्या दारावर ही झडप असते, पण ती गंजून अडकलेली असते किंवा कोणीतरी वेल्डिंग मारून बंद केलेली असते. आधी ती मोकळी करा.

थर 100 ते 150 मिलिमीटर आणि सगळीकडे सारखा. आगीत कुठे पांढरं झगझगीत भोक दिसलं तर तिथे थर फाटला आहे, हवा तिथून पळते आहे. कुठे काळा डाग दिसला तर खाली क्लिंकर आहे. आग उगाच ढवळायची नाही. ढवळली की राख वितळत्या थरात मिसळून क्लिंकर आणखी होतो आणि धुराचा झटका वेगळा. राख काढतानाही अर्धी भट्टी एका वेळी: एका बाजूचे निखारे दुसऱ्या बाजूला सारा, रिकामी बाजू साफ करा, निखारे परत पसरा, आणि दुसरी बाजू तासाभराने.

एका प्रोसेस हाउसमध्ये हे समजावून सांगितल्यावर तिथले जुने फायरमन मला म्हणाले, ‘साहेब, दर पाच मिनिटाला मारायचं म्हणजे बसायचंच नाही की. पगार तेवढाच.’ त्यांचं म्हणणं खरं होतं. पद्धत बदलायची तर एका पाळीला एका माणसाऐवजी दोन माणसं द्यावी लागतात, किंवा कोळशाच्या बचतीतला वाटा द्यावा लागतो. 4 टनांचा बॉयलर दिवसाला 10 टन कोळसा खात असेल आणि 5 टक्के वाचला, तर रोज 500 किलो. मालकाने त्या 500 किलोंची किंमत आणि एका माणसाची हजेरी शेजारी शेजारी लिहून बघावी.

चेन ग्रेट किंवा फ्लुइडाइज्ड बेड असेल तर फावड्याचा प्रश्न नाही, पण डोळा तिथेही लागतो. चेन ग्रेटवर आग शेवटच्या टोकाच्या थोडी अलीकडे संपायला हवी. टोकापर्यंत लाल निखारे जात असतील तर ते राखेत पडतात, आणि फार अलीकडे संपली तर उरलेल्या उघड्या ग्रेटमधून नुसती हवा जाते. फ्लुइडाइज्ड बेडचं तापमान 800 ते 900 अंशांत राखा. या बॉयलरमध्ये काळा धूर कमी, पण जवळपास सगळी राख वायूबरोबर उडते. सायक्लोनवर भागवणं तिथे अवघड, बॅग फिल्टर (कापडी पिशव्यांतून राख गाळणारं यंत्र) लागतोच.

पायरी 4: हवा मोजून द्या

एक किलो कोळसा जाळायला हिशेबाने साधारण 6 ते 7 किलो हवा लागते. प्रत्यक्षात जास्त द्यावी लागते, कारण हवा आणि वायू भट्टीत नीट मिसळत नाहीत. किती जास्त ते ऑक्सिजनवरून कळतं. फ्लू गॅसमधल्या (भट्टीतून धुराड्याकडे जाणारा वायू) ऑक्सिजनच्या टक्केवारीला 21 वजा तीच टक्केवारी याने भागा आणि 100 ने गुणा. ऑक्सिजन 7 टक्के असेल तर 7 भागिले 14, म्हणजे 50 टक्के जादा हवा. 10 टक्के असेल तर 91 टक्के, म्हणजे हवेचा निम्मा हिस्सा नुसता तापवून बाहेर सोडताय.

हातात धरायचा फ्लू गॅस ॲनालायझर भाड्याने मिळतो. मोजणी बॉयलरमधून वायू बाहेर पडतो तिथेच घ्या, आयडी फॅनच्या पुढे नको, कारण मधल्या भेगांतून आलेली हवा आकडा बिघडवते. हाताने मारायच्या भट्टीत 8 ते 10 टक्के ऑक्सिजन मिळाला तरी समाधान माना. चेन ग्रेटला 6 ते 8, फ्लुइडाइज्ड बेडला 4 ते 5. सेट करताना ऑक्सिजनबरोबर कार्बन मोनॉक्साइडवर नजर ठेवायची. हवा हळूहळू कमी करत जा. ज्या ठिकाणी मोनॉक्साइड एकदम चढायला लागतो तिथून थोडे मागे या आणि डॅम्परच्या त्या जागेवर रंगाने खूण करा.

भट्टीतला दाब किंचित उणा हवा, पाण्याच्या 2 ते 5 मिलिमीटरइतका. त्याहून जास्त ओढ असेल तर राख उडते आणि भेगांतून हवा घुसते. भेगा शोधायला महागडं काही नको: फॅन चालू असताना पेटती उदबत्ती दाराच्या कडेने, फ्लँजच्या सांध्यांवरून, राखेच्या हॉपरखालून फिरवा. धूर आत ओढला जाईल तिथे भेग. सिरॅमिकची दोरी आणि फायरक्ले यांनी एका सुट्टीच्या दिवसात बहुतेक भेगा बुजतात.

इथे एक इशारा. रात्री निखारे झाकून मंद ठेवलेल्या भट्टीत मोनॉक्साइड साठतो. सकाळी दार उघडण्याआधी डॅम्पर उघडायचा, आयडी फॅन पाच मिनिटं चालवायचा, एफडी फॅन त्यानंतर. हा क्रम चुकला तर ज्वाला दारातून बाहेर येते.

पायरी 5: डाइंग हॉलमध्ये जाऊन या

वहीतला सगळ्यात मोठा झटका बहुधा सकाळी आठच्या सुमाराचा निघतो. पाळी बदलते, जिगर आणि जेट ही कापड रंगवायची मशिनं भरतात आणि सगळ्यांचे वाफेचे व्हॉल्व्ह पाच मिनिटांत उघडतात. दाब चौरस सेंटिमीटरला 8 किलोवरून 5 वर येतो. आतून कोणीतरी ओरडतं, ‘स्टीम पडली!’ आणि फायरमन घाबरून वीस फावडी मारतो. या धुराला फायरमन जबाबदार नाही.

मशिनं दहा-दहा मिनिटांच्या अंतराने तापवायला घ्या, वेळापत्रक भिंतीवर लावा, आणि हॉलमधून भट्टीपाशी आधी कळवायची सोय करा. एक घंटा किंवा लाल दिवा पुरतो. मग फायरमन आधीच आग वाढवून ठेवतो.

वाफच कमी लागली तर कोळसा कमी आणि धूर कमी. गळके ट्रॅप (वाफ अडवून पाणी सोडणाऱ्या झडपा) बदला, उघड्या पाइपांना लॅगिंग (उष्णता रोखणारं वेष्टण) करा, आणि गटारात जाणारं गरम कंडेन्सेट (वाफेचं झालेलं पाणी) बॉयलरला पाणी देणाऱ्या फीड टाकीत परत आणा. फीडचं पाणी दर 6 अंशांनी जास्त गरम झालं की साधारण 1 टक्का जळण वाचतं. 30 अंशांचं पाणी 75 पर्यंत नेलंत तर सात टक्क्यांच्या वर बचत होते, आणि त्यासाठी लागतो एक पाइप, एक पंप.

पायरी 6: नळ्या

बॉयलरच्या नळ्यांना काजळी बसली की उष्णता पाण्यात जात नाही, धुराड्यात जाते. नळ्या साफ केल्यावर पहिल्या दिवशी, पूर्ण लोडवर, फ्लू गॅसचं तापमान लिहून ठेवा. ते त्याहून 30-40 अंशांनी चढलं की पुन्हा ब्रश मारायची वेळ झाली. तापमान 22 अंशांनी उतरलं तर जळणात सुमारे 1 टक्का फरक पडतो. ‘रात्री फॅन फुल करून काजळी उडवून टाकतो’ हा उपाय ऐकला असेल, तर ती काजळी शेजाऱ्याच्या पाण्याच्या टाकीत पडते.

पायरी 7: आता सायक्लोन आणि फिल्टर

इथपर्यंत केल्यावर दिसणारा काळा धूर बराच गेलेला असतो. उरते राख, आणि तिचा बारीक भाग डोळ्यांना दिसतही नाही. तिला यंत्र लागतं.

मल्टिसायक्लोन, म्हणजे अनेक छोटे सायक्लोन एकत्र, 10 मायक्रॉनच्या वरची धूळ बऱ्यापैकी पकडतो, 5 च्या खालची बहुतेक सोडून देतो. तो नीट चालत नसेल तर आधी खालचा रोटरी व्हॉल्व्ह (राख बाहेर सोडणारी फिरती झडप) बघा. तिथून हवा आत आली की खाली पडलेली राख पुन्हा वर उडते, आणि नवा सायक्लोन घेतला तरी तेच होतं.

बॅग फिल्टर 99 टक्क्यांच्या वर पकडतो, पण त्याचे नखरे आहेत. पॉलिस्टरच्या पिशव्या साधारण 130 अंशांपर्यंतच टिकतात आणि त्याच तापमानाच्या आसपास गंधकाचं आम्ल दव होऊन धरायला लागतं. म्हणजे वर पिशवी जळायची भीती, खाली ओली होऊन चिकटायची. म्हणून कोळशाच्या बॉयलरला काचतंतू किंवा पीपीएस या जास्त उष्णता सोसणाऱ्या कृत्रिम धाग्याच्या पिशव्या घ्या, हाउसिंगला लॅगिंग करा, आणि थंड बॉयलर पेटवताना वायू बायपासने न्या. या बायपासचा व्हॉल्व्ह नंतर ‘विसरून’ उघडा राहतो. अधिकारी आधी तोच बघतात.

ओला स्क्रबर, म्हणजे धूर पाण्याने धुणारं यंत्र, स्वस्त पडतो आणि थोडा गंधकही धुऊन काढतो, पण काळं आम्लधर्मी पाणी तयार करतो. ते चुना किंवा कॉस्टिकने सुधारून इटीपीत (कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणारं केंद्र) न्यावं लागतं. नाल्यात सोडलं तर हवेतला मैला पंचगंगेत टाकल्यासारखंच, आणि त्या नदीने आधीच पुरेसं सोसलंय.

पायरी 8: मोजणी

छोट्या बॉयलरसाठी धुळीची केंद्रीय मर्यादा क्षमतेप्रमाणे आहे: तासाला 2 टनांखाली 1200 मिलिग्रॅम प्रति सामान्य घनमीटर, 2 ते 10 टनांत 800, 10 ते 15 टनांत 600 आणि त्यापुढे 150. पण तुम्हाला लागू असतो तो तुमच्या संमतिपत्रातला आकडा, आणि तो अनेकदा यापेक्षा खूप कडक असतो. कागद काढून बघा.

केंद्रीय मर्यादा 12 टक्के कार्बन डायऑक्साइड धरून मोजली जाते. धुराड्यात 6 टक्केच निघाला आणि धूळ 100 आली, तर ती 200 धरतात. जादा हवा मारून धूर पातळ करायची जुनी युक्ती इथे संपते. मुंबई इलाख्यात 1912 साली धुराचा कायदा आला तेव्हा डोळ्यांना धूर फिका दिसला की भागत असेल, आता नाही.

सुरतेत 2019 पासून धूळ हवेत सोडण्याच्या परवान्यांची कारखान्यांमध्ये खरेदी-विक्री चालते. तिथे बहुतेक कापड गिरण्याच आहेत, धुराड्यांवर सतत मोजणारी यंत्रं बसवलेली, आणि अभ्यासात उत्सर्जन 20 ते 30 टक्क्यांनी घटलेलं आढळलं. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने जून 2017 मध्ये कारखान्यांना धुराड्याच्या आकड्यावरून 1 ते 5 तारे द्यायला सुरुवात केली, ती याच वाटेची.

चाचणीच्या दिवशी लोड पूर्ण ठेवा. सॅम्पलिंगचं भोक वळणापासून लांब, सरळ भागात हवं, चढायला जिना आणि उभं राहायला कठडा असलेला प्लॅटफॉर्म हवा. प्रयोगशाळेचा माणूस वर असेपर्यंत फायरमनला नेहमीसारखंच काम करू द्या. त्या तासापुरती आग मंद ठेवून मिळालेला चांगला रिपोर्ट फाइलीत लावायला बरा. पुढच्या महिन्यात कोणती झडप बदलायची हे मात्र त्यातून कळत नाही.